पुरात जखमी झालेल्या माणसाचं हॉस्पिटलचं बिल नेमकं कोण भरतं?

पिंपळगाव बसवंत म्हटलं की टोमॅटोच्या क्रेट्सनी भरलेल्या गाड्या, कांद्याचे लिलाव आणि द्राक्षबागा आठवतात. मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव नाशिकपासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. गाव व्यापाराचं असल्यामुळे दवाखाने आणि खासगी हॉस्पिटल्सही इथे आजूबाजूच्या गावांपेक्षा जास्त. म्हणजे आसपास काही घडलं की माणसं इथेच येणार.

आणि आसपास घडतं. याच निफाड तालुक्यात गोदावरीकाठी सायखेडा आणि चांदोरी ही गावं आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे पुराचं पाणी शिरलं, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा शिरलं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न हाच असतो, सायखेड्याच्या पुलाला पाणी लागलं का?

पुराच्या बातम्या बोटींच्या असतात, पंचनाम्याच्या असतात, नेत्यांच्या पाहणी दौऱ्यांच्या असतात. हॉस्पिटलच्या काउंटरवर काय होतं, हे मात्र बातमीत येत नाही.

समजा, पुरात घराची भिंत पडली आणि एका माणसाच्या मांडीचं हाड मोडलं. लोकांनी ट्रॅक्टरवर घालून त्याला जवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये आणलं. खिशात पैसे नाहीत, रेशन कार्ड पाण्यात, मोबाइल बंद. ऑपरेशन आत्ता करायचं आहे. खर्च कोण देणार? रुग्ण, सरकार, विमा कंपनी की डॉक्टर स्वतः?

उत्तर एका ओळीत येत नाही, कारण यासाठी एक नियम नाहीच. तीन-चार वेगवेगळ्या कायद्यांचे आणि योजनांचे तुकडे जोडून हे बिल भागवलं जातं. कधी कधी भागतही नाही.

डॉक्टर 'नाही' म्हणू शकतात का?

तातडीच्या केसमध्ये नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग डॉक्टर सरकारी असो वा खासगी. पोलिसांचा कागद येईपर्यंत थांबा, आधी डिपॉझिट भरा, या गोष्टी त्यानंतर येतात.

महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटल्सना १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. नर्सिंग होमचे नियम २०२१ मध्ये बदलले. हॉस्पिटलमध्ये रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं त्यात आलं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही, हेही आलं.

ट्रस्टचं धर्मादाय हॉस्पिटल असेल तर आणखी एक नियम लागतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी हॉस्पिटलला एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकावी लागते. पण हे मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटल्सचं. तालुक्यातल्या १५-२० खाटांच्या हॉस्पिटलकडे असा फंड नसतो. तिथे डॉक्टर, त्यांचं कर्ज आणि मेडिकलवाल्याची उधारी एवढंच असतं.

थोडक्यात, कायदा डॉक्टरांना सांगतो की उपचार कराच. पैसे कोण देणार, हे त्याच वाक्यात सांगत नाही.

मग ती सरकारी मदत असते ती?

'जखमींना सरकार मदत देणार' अशी बातमी आली की अनेकांना वाटतं, हॉस्पिटलचं बिल सरकार भरणार. तसं नसतं.

ही मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, म्हणजे एसडीआरएफमधून येते. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीचा ७५ टक्के हिस्सा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. कशासाठी किती द्यायचं हे केंद्रीय गृह मंत्रालय ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या दरांनुसार मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये. हात, पाय किंवा डोळा निकामी होऊन ४० ते ६० टक्के अपंगत्व आलं तर ७४ हजार, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर अडीच लाख. गंभीर जखमी होऊन आठवड्यापेक्षा जास्त ॲडमिट राहिलं तर १६ हजार, आठवड्याच्या आत डिस्चार्ज मिळाला तर ५,४००.

आता मांडीच्या हाडाचं ऑपरेशन आठवा. रॉड टाकायचा, भूल द्यायची, रक्त लागलं तर ते आणायचं. खासगीत १६ हजारांत यातलं काय काय होतं, हे ज्याच्या घरात असं ऑपरेशन झालंय त्याला विचारा.

शिवाय ही रक्कम रुग्णाला मिळते, हॉस्पिटलला नाही. तीही लगेच नाही. तलाठ्याचा अहवाल, हॉस्पिटलचे कागद, तहसील कार्यालय असा प्रवास करून ती येते. अपंगत्वाच्या मदतीसाठी तर सरकारी डॉक्टरांचंच प्रमाणपत्र लागतं. खासगी सर्जनने ऑपरेशन केलेलं असलं तरी त्यांचा दाखला तिथे चालत नाही.

एक अट तर बहुतेकांना माहीतच नसते. जखमीने आयुष्मान भारत योजनेतून उपचार घेतले असतील, तर ही १६ हजार किंवा ५,४०० ची मदत त्याला लागू होत नाही. सरकारचा हिशेब असा की उपचाराचा खर्च एकदा सरकारने केला, पुन्हा कशाला? पण पुरात घर गेलेल्या माणसाला त्या १६ हजारांत महिनाभराचा किराणा दिसत असतो. ही मदत उपचारासाठी आहे की सावरण्यासाठी, हे नियमात नीट ठरलेलं नाही, असंच म्हणावं लागेल.

आणि संकट 'यादीतलं' असावं लागतं. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट अशी केंद्राची १२ संकटांची यादी आहे. (निफाडकरांना गारपीट आणि थंडी या दोन्हींची वेगळी ओळख करून द्यायला नको.) वीज पडणं या यादीत नाही. महाराष्ट्राने ते राज्याच्या पातळीवर जोडलं आहे, म्हणून शेतात वीज पडून माणूस गेला तर इथे मदत मिळते. राज्याला अशा स्वतःच्या संकटांसाठी एसडीआरएफच्या १० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो.

याच निधीतून औषधं, जंतुनाशकं, साथ पसरू नये म्हणून लागणारं साहित्य घेता येतं. पण ती खरेदी सरकारी यंत्रणा करते. खासगी डॉक्टरने आपल्या कपाटातली सलाईन संपवली, तर ती भरून देण्याची सोय तिथे नाही.

हॉस्पिटलला खरे पैसे मिळतात ते फुले योजनेतून

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आधी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ओळखली जायची. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर आली. १ एप्रिल २०२० पासून आयुष्मान भारतसोबत ती एकत्र चालते.

यात एक गोष्ट पिंपळगावसाठी फार महत्त्वाची होती. सुरुवातीला योजना पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डवाल्यांसाठी होती. पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना फक्त १४ जिल्ह्यांत लाभ मिळायचा. ते जिल्हे मराठवाड्याचे आणि विदर्भाचे. नाशिक त्यात नव्हतं. म्हणजे २०१९ च्या पुरात पांढऱ्या कार्डाचा द्राक्ष बागायतदार जखमी झाला असता, तर बाग गेली तरी कागदावर तो 'सुखवस्तू'च राहिला असता.

१ जुलै २०२४ पासून हे बदललं. आता कार्डाचा रंग बघत नाहीत, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधी ही मर्यादा दीड लाख होती.

पैसे कसे मिळतात? प्रत्येक उपचाराचा एक ठरलेला पॅकेज दर असतो. त्यात खाट, डॉक्टर, भूल, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण सगळं आलं. हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र नोंद करतो, पोर्टलवर मंजुरी मागितली जाते, उपचार होतात, डिस्चार्जनंतर दावा दाखल होतो आणि पैसे थेट हॉस्पिटलला येतात. तातडीच्या केसमध्ये फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून. योजनेतल्या रुग्णाकडून त्या उपचारासाठी वर एक रुपयाही घ्यायचा नसतो.

ऐकायला हे छान आहे, पण अडचणी इथेच सुरू होतात.

पहिली, हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. तालुक्यातली बरीच छोटी हॉस्पिटल्स नसतात. कुणाकडे पुरेशा खाटा नाहीत, कुणाला दर परवडत नाहीत. दावे लवकर मिटत नाहीत, कापून येतात, ही खासगी हॉस्पिटल्सची जुनी तक्रार आहे. योजनेबाहेरच्या हॉस्पिटलने पुरातल्या रुग्णाला वाचवलं, तरी त्याचा दावा लावायला खिडकीच नाही. रुग्ण स्थिर करून योजनेतल्या हॉस्पिटलला पाठवायचा, तोपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने बघायचा.

दुसरी, पुरात येणारे बहुतेक रुग्ण पॅकेजमध्ये बसणारे नसतातच. पायाला पत्रा लागला, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. जुलाब, ताप, त्वचेचे आजार, संपलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या. ही सगळी ओपीडी. योजना मुख्यतः ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांची. पूर ओसरल्यावरच्या आठवड्यात डॉक्टरांकडे रांग लागते ती याच रुग्णांची, आणि त्याचे पैसे कुठल्याच योजनेत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे वीज आणि इंटरनेट. पोर्टलवर मंजुरी मागायची, फोटो चढवायचे, बायोमेट्रिक घ्यायचं, तर आधी टॉवर चालू हवा.

इथे अमेरिकेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती आणि आरोग्य खात्याने आरोग्य आणीबाणी जाहीर केली की 'कलम ११३५' वापरता येतं. मेडिकेअर, मेडिकेडच्या नेहमीच्या अटी तेवढ्या काळापुरत्या सैल होतात. दुसऱ्या राज्यातला डॉक्टर, ठरल्यापेक्षा जास्त खाटा, उशिरा आलेले कागद, तरीही हॉस्पिटलला पैसे मिळू शकतात. २००५ च्या कतरिना वादळात ते वापरलं गेलं. तिथली आरोग्य व्यवस्था काही आदर्श नाही, पण 'आपत्ती आली की कोणते नियम आपोआप बाजूला ठेवायचे' हे त्यांनी आधीच लिहून ठेवलंय. आपल्याकडे ते बहुतेक वेळा संकट आल्यावर शासन निर्णय काढून ठरतं. कोविडमध्ये २३ मे २०२० ला असाच निर्णय काढून फुले योजना राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली केली होती.

घरच्या घरीही एक तुलना करता येते. पिंपळगावच्या बाजूने जाणाऱ्या महामार्गावर अपघात झाला, तर मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत जखमीला सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. त्यासाठी वेगळा फंड आहे. गाडी अंगावर आली तर योजना आहे, पुरात भिंत अंगावर आली तर तशी स्वतंत्र योजना नाही.

कलेक्टरांनी हॉस्पिटलच ताब्यात घेतलं तर?

घेऊ शकतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ६५. जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बचावकार्यासाठी गरज असेल तर ते लेखी आदेश काढून जागा, वाहन किंवा इतर कोणतंही साधन अधिग्रहित करू शकतात. 'साधन' या शब्दाची व्याख्या याच कायद्यात आहे आणि तिच्यात मनुष्यबळ आणि सेवा हेही येतं. म्हणजे ॲम्ब्युलन्सच नाही, डॉक्टरांची सेवाही. कारण नसताना आदेश मोडला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि त्यामुळे जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत.

भरपाईचं कलम पुढचंच, ६६. जागा घेतली तर त्या भागातल्या भाड्याच्या हिशेबाने पैसे. धंदा दुसरीकडे हलवावा लागला तर त्याचा वाजवी खर्च. वाहन घेतलं तर स्थानिक दराने भाडं. रक्कम पटली नाही तर ३० दिवसांत अर्ज करून लवाद मागता येतो.

आता नीट वाचा. भरपाई जागेची आणि वाहनाची. घेता येतं मनुष्यबळ आणि सेवाही, पण त्याचे पैसे कसे ठरवायचे हे कलम ६६ सांगत नाही. डॉक्टरांनी सलग ३६ तास काम केलं, नर्सेसना ओव्हरटाइम द्यावा लागला, ऑक्सिजनचे सिलिंडर संपले. याचा दर कुठला?

हा फक्त कायद्याच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वाटेल. पण कोविडमध्ये तो एका कुटुंबाच्या दारात आला. (केंद्राने १४ मार्च २०२० ला कोविडला मदतीच्या नियमांसाठी 'आपत्ती' मानलं होतं.) नवी मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांना दवाखाने सुरू ठेवायला सांगितलं. एका डॉक्टरांनी ठेवला, त्यांना कोविड झाला आणि जून २०२० मध्ये ते गेले. पत्नीने केंद्राच्या ५० लाखांच्या विम्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं की त्यांची सेवा सरकारने 'अधिग्रहित' केलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. दवाखाना उघडा ठेवा असं सांगणं वेगळं आणि कोविडच्या ड्युटीवर बोलावणं वेगळं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्या काळातले कायदे आणि आदेश एकत्र पाहिले तर डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित केल्याच होत्या, प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र नव्हतं म्हणून ते नाकारता येणार नाही. मात्र मृत्यू कोविडच्या कामामुळे झाला, हे प्रत्येक कुटुंबाला पुराव्याने दाखवावं लागेल. एका शब्दाच्या अर्थासाठी साडेपाच वर्षं गेली.

त्याच काळात दरांचाही वाद झाला. राज्याने २१ मे २०२० ला खासगी हॉस्पिटल्सच्या ८० टक्के खाटांवर दर बांधले. साधा वॉर्ड दिवसाला ४ हजार, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. १ जून २०२१ पासून गावाच्या वर्गानुसार दर ठरले. नाशिक शहर 'ब' वर्गात, ग्रामीण भाग 'क' मध्ये. 'क' मध्ये वॉर्ड २,४००, आयसीयू ४,५००, व्हेंटिलेटरसह ५,४००. दरम्यान कोविड नसलेल्या रुग्णांचे दर बांधण्याचा अधिकार सरकारला नाही, असं नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे आपत्तीत सरकार दर बांधू शकतं, पण आपत्तीशी संबंध असलेल्या उपचारांपुरतेच, असा त्यातून निघणारा अर्थ. आणि हे दर रुग्णाकडून किती घ्यायचं याचे होते. सरकारने हॉस्पिटलला किती द्यायचं याचे नव्हते.

हॉस्पिटलमध्येच पाणी शिरलं तर?

एक्स-रे मशीन तळमजल्यावर असतं, जनरेटरही. पाणी आधी तिथेच येतं.

२०१९ च्या पुरानंतर राज्याने छोट्या दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार अशी मदत दिली होती. सोनोग्राफी मशीनच्या किमतीपुढे ही रक्कम काय आहे, ते वेगळं सांगायला नको. इथे कामी येतो तो विमाच. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी द्यावी लागते. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे आणि पूर, वादळ, भूकंप तिच्यात धरलेले आहेत. पण हॉस्पिटल महिनाभर बंद राहिलं तर बुडालेलं उत्पन्न तिच्यात येत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. अनेक जण कर्ज देताना बँकेने काढलेल्या पॉलिसीवर विसंबून असतात. ती इमारतीची आहे की मशीनचीही, हे पाणी ओसरल्यावर कळतं.

केसपेपर भिजले तर आणखी एक भानगड. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार ॲडमिट रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपावी लागतात आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. त्याच कागदांवर फुले योजनेचा दावा, विम्याचा दावा आणि रुग्णाची सरकारी मदत अशा तिन्ही गोष्टी उभ्या असतात.

तुमच्यावर वेळ आली तर

१०८ ला फोन करा, ही ॲम्ब्युलन्स मोफत असते. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिला प्रश्न विचारा, इथे फुले योजना आहे का? असेल तर आरोग्यमित्राला बोलवा. रेशन कार्ड वाहून गेलं तरी आधार नंबर सांगता आला तर शोध सोपा होतो. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

स्वतःचा आरोग्य विमा असेल तर मे २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणं विमा कंपनीवर बंधनकारक आहे.

केसपेपरवर जखम 'कशामुळे' झाली ते लिहून घ्या. 'पडल्यामुळे दुखापत' आणि 'पुरात घराची भिंत कोसळून दुखापत' यात तहसील कार्यालयात १६ हजारांचा फरक पडू शकतो. ॲडमिट झाल्याची आणि डिस्चार्जची तारीख स्पष्ट हवी, कारण मदतीचा आकडा आठवड्याच्या आत की बाहेर यावर ठरतो. तलाठ्याच्या अहवालात जखमीचं नाव आलंय का, तेही बघा.

आणि डॉक्टर असाल, तहसीलदारांचा फोन आला की 'साहेब, दहा खाटा मोकळ्या ठेवा, ॲम्ब्युलन्स पाठवा', तर ॲम्ब्युलन्स पाठवाच. पण त्याच दिवशी कलम ६५ खालचा लेखी आदेश मागून घ्या. तो येईपर्यंत निदान मेसेज तरी. कोणत्या अधिकाऱ्याने, कधी, काय मागितलं, किती रुग्ण आले, काय साहित्य संपलं याची वही ठेवा आणि रोज तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये नाही, मेलवर टाका. मोबाइलही भिजतो.